पाण्याचा वार

भिंतीवर मंडळीचं कॅलेंडर, त्यात सोमवार.
आमच्या गल्लीत मात्र दिवस नळापासून मोजतात :
आज कोरडा दुसरा.
पिंप अजून गळ्यापर्यंत आहे, म्हणून सगळे गोड बोलतायत.

सव्वाआठला अक्कलकोट रोडची रिक्षा,
मागे चौघी, पुढे एक अर्धी, डबे मांडीवर.
शेजारची नरसम्मा विचारते,
काल तुमच्या देवाचा वार, सुट्टीच की,
मग सोमवारी तूच कशी गं पेंगतेस?
तिला काय सांगू, रविवारी वीस माणसांचा रस्सा
कोण ढवळतं ते.

शिलाई खात्यात दिवसाला चारशे टॉवेल.
चारही कडा दुमडायच्या, दोरा कापायचा, पुढचा घ्यायचा.
संध्याकाळी केसांत इतकी रुई
की अनुग्रह म्हणतो, आई, तू म्हातारी होऊन आलीस.

मामांच्या डोळ्यात दिवसातून चारदा थेंब.
पट्टी आहे तोवर वाचायचं नाही, म्हणून
मंगळवारी रात्री वंशावळ तोंडपाठ म्हणत बसले
आणि तीन राजे गाळले.
अनुग्रहने बोट ठेवून तिघांना परत आत घेतलं.
मामा म्हणाले, ते तिघे तसेही फार चांगले नव्हते.

बुधवारी घरसभा आमच्याकडे.
अकराजण आले, प्रत्येकाच्या पिशवीत
आपली आपली पाण्याची बाटली. कुणी काही बोललं नाही.
एल्डर वाघचौरेंनी महापालिका आयुक्तांसाठी
सहा मिनिटं प्रार्थना केली.
चहा निवला.

गुरुवार आठवत नाही.
हां, गॅस संपला.
दशांशाच्या पाकिटातून दोनशे काढले
आणि आत चिठ्ठी ठेवली : घेतले.
कुणासाठी लिहिली, देवासाठी की यांच्यासाठी,
ते लिहिताना ठरवलं नव्हतं.

शुक्रवारी पाणी यायचं होतं.
सहाला नळाने नुसता श्वास घेतला.
उजनीची लाईन फुटली म्हणे, कुठे ते कुणालाच माहीत नाही.
कारखान्यात सेकंडच्या ढिगातून
एक टॉवेल घेतला, चाळीस रुपये.
कडेला परदेशातल्या हॉटेलचं नाव, एक अक्षर उलटं विणलेलं,
तेवढ्यासाठी समुद्र ओलांडला नाही त्याने.
पण मऊ. नणंदेच्या बाळाला चालेल.

शनिवारी पगार, शेंगांची चटणी कुटली,
भाकऱ्या कडक केल्या.
पिंप वाकडं करून तांब्याने खरवडलं.
रात्री पाकीट उघडलं तर दोनशे जागेवर,
चिठ्ठीही तिथेच,
माझ्या शब्दाखाली यांचं वर्कशॉपातलं काळपट अक्षर :
ठेवले.
आम्ही दोघं त्यावर काही बोललो नाही.
जेवताना यांनी चटणी दोनदा मागितली.

रविवारी चर्चची टाकीही कोरडी.
पाळकसाहेब दारातच हळू आवाजात म्हणाले,
बाप्तिस्म्यापुरतं असेल का कुणाकडे?
मी कळशी घेऊनच निघाले होते, फडक्याने तोंड बांधून,
रिक्षात मांडीवर, दुसरं मूल असावं तशी.
अर्धी वाटेत माझ्या साडीवर.
उरलेली भांड्यात ओतली, तर तळाशी रुईचा एक तंतू.
तो काढावा की नाही, तोवर साहेबांची बोटं पाण्यात.
तीन वेळा. निरामया
दुसऱ्या वेळी जागी झाली, तिसऱ्या वेळी रडली.
उलट्या अक्षराच्या टॉवेलने मी तिचं कपाळ टिपलं.

भांड्यात चूळभर उरलं होतं.
मामांनी त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं.

शेवटचं गीत अर्ध्यावर, आणि बाकांवर
एकामागून एक फोन थरथरले.
बायका उठल्या. अल्टोचा सगळा आवाज
चपला शोधत दाराबाहेर.

घरी पोचले तेव्हा नळ गेलेला.
आमच्या पिंपात पाईप, पिंप काठोकाठ,
वर आमचंच झाकण, त्यावर वीट.
नरसम्मा तिच्या उंबऱ्यात केस मोकळे करून बसलेली.
तिचं पिंप मी वाकून पाहिलं.
अर्ध्याच्या खाली होतं.
म्हणाली, बघतेस काय, तुमच्याकडे आज पाहुणे आहेत ना.

मी रस्सा ढवळायला घेतला.
तिच्या घरचे पाचजण धरून
पंचवीस माणसं.